हिनकलमधून गूगलवर जाहिरात: हाताने की आपोआप?

गूगलवर काही शोधले की उत्तरांच्या वर 'प्रायोजित' अशी बारीक खूण घेऊन काही ओळी येतात. त्या महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या पाट्या नसतात. प्रत्येक शोधागणिक लिलाव होतो आणि पापणी लवायच्या आत तो संपतो. या लिलावात नुसती बोली पाहत नाहीत. बोली किती, जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, क्लिक केल्यावर उघडणारे पान कितपत कामाचे आहे, या सगळ्यांचा मेळ घालून क्रम लागतो. क्लिकमागे द्यावी लागणारी रक्कमही बहुधा बोलीपेक्षा कमी असते. मिळालेली जागा टिकवायला जेवढी लागते तेवढीच ती आकारली जाते. मोठ्या थैलीवाला दर वेळी वर येत नाही तो यामुळेच, आणि दहा-पंधरा हजार रुपयांत महिना काढणाऱ्या धंद्याला या बाजारात शिरकाव मिळतो तोही यामुळेच.

शोधाच्या उत्तरांतली जागा बोलीवर विकण्याची कल्पना गूगलची नव्हे. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या अमेरिकी कंपनीने ती बाजारात आणली. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये साडेतीनशेच्या आसपास जाहिरातदार घेऊन ॲडवर्ड्स सुरू केले, २००२ मध्ये क्लिकमागे बोलीची पद्धत स्वीकारली आणि २०१८ मध्ये या सेवेचे नाव गूगल ॲड्स झाले. सुरुवातीच्या वर्षांत सगळे काम हातानेच होई. कोणत्या शब्दांवर जाहिरात दाखवायची, प्रत्येक शब्दाला किती बोली, मजकूर कोणता, हे जाहिरातदार ठरवी आणि यंत्र ते निमूटपणे अमलात आणी.

हाताने चालवणे आणि यंत्रावर सोपवणे या दोन वाटा आजही तितक्याच वेगळ्या आहेत असे समजून वाद घातला जातो. तसे राहिलेले नाही. २०१४ पासून शब्दाची जवळची रूपे वगळण्याची मुभा गेली. २०१८ मध्ये 'अचूक जुळणी'तही समान अर्थाचे शोध शिरू लागले. २०२० मध्ये, पैसे कोणत्या शोधांवर गेले ते दाखवणाऱ्या यादीतून तुरळक वापराचे शोध दिसेनासे झाले. जून २०२२ अखेरीनंतर एकसंध मजकुराची जुनी जाहिरात नव्याने लिहिता येईना. आता पंधरापर्यंत मथळे आणि चारपर्यंत वर्णने पुरवायची, त्यांची जोडणी यंत्र करते. हाताची बोली आणि यंत्राची दुरुस्ती यांचा जो मधला प्रकार होता, तोही मार्च २०२५ अखेर शोध-जाहिरातींतून काढून टाकण्यात आला. थोडक्यात, निव्वळ हाताने चालणारे कॅम्पेन आता कुठेच मिळत नाही. निवड उरली आहे ती कोणता निर्णय आपल्याकडे ठेवायचा आणि कोणता सोडायचा एवढ्यापुरती. पण छोट्या धंद्याचे पैसे वाचतात किंवा वाहून जातात ते याच निवडीत.

यंत्राच्या बाजूला तीन गोष्टी मोडतात. बोली यंत्राने लावणे ही पहिली: बजेट द्यायचे, हवे ते फळ (म्हणजे फोन किंवा विक्री) सांगायचे, बाकी प्रत्येक लिलावात किती बोलायचे ते यंत्र ठरवते. दुसरे २०१८ मध्ये खास छोट्या धंद्यांसाठी आलेले 'स्मार्ट कॅम्पेन', ज्यात नेमके शब्द नसतात, नुसते विषय असतात. तिसरे नोव्हेंबर २०२१ पासून सर्वांना खुले झालेले 'परफॉर्मन्स मॅक्स'. यात एकाच बजेटातून शोध, यूट्यूब, जीमेल, नकाशे आणि लाखो संकेतस्थळांवरच्या जागा एकदम घेतल्या जातात. तिन्हींत यंत्राची जमेची बाजू खरी आहे. शोधणारा कुठे आहे, किती वाजले आहेत, हातात कोणता फोन आहे, अशा अनेक खुणा लिलावाच्या क्षणी यंत्रापुढे असतात. माणूस आठवड्यातून एकदा तक्ता उघडून बसतो. ही बारकाई त्याला कधीच साधणार नाही. प्रश्न असा की या खुणांवरून काय शिकायचे हे यंत्राला समजण्याइतके आकडे धंद्याकडे आहेत का.

हिनकलसारख्या ठिकाणी हा प्रश्न नीट पारखता येतो. म्हैसूरच्या पश्चिम कडेला, हुणसूर रस्त्यावर हे गाव आहे. बाह्य वळणरस्ता इथेच हुणसूर रस्त्याला मिळतो आणि त्या चौकावर उड्डाणपूल आहे. लगत विजयनगरचे टप्पे, एका अंगाला हेब्बाळ आणि हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहती, हेब्बाळमध्ये इन्फोसिसचे प्रशिक्षण संकुल. मडिकेरीकडे जाणारा महामार्ग क्रमांक २७५ याच बाजूने जातो. त्यामुळे अशा ठिकाणी धंद्यांची सरमिसळ असते: पीजी, खाणावळ, टॅक्सी, वॉशिंग मशीनची दुरुस्ती, कारखान्यांना सुटे भाग करून देणारे छोटे वर्कशॉप, कूर्गला निघालेल्यांसाठी एका रात्रीची सोय. गिऱ्हाईकही दोन तऱ्हेचे. एक चार किलोमीटरच्या आतले, दुसरे पुणे, बेंगळुरू किंवा परदेशातून आधीच शोधत बसलेले. जाहिरात हाताने की आपोआप, याचे उत्तर या दोघांसाठी एकच निघत नाही.

पहिली अडचण गावांच्या नावांची. हेब्बाळ म्हैसूरला आहे तसे बेंगळुरूलाही आहे, आणि बेंगळुरूचे कितीतरी प्रसिद्ध. विजयनगर ही वस्ती दोन्ही शहरांत आहे. शिवाय २०२१ मध्ये बळ्ळारीतून वेगळा झालेला विजयनगर जिल्हा आहे आणि इतिहासातले साम्राज्य आहेच. शहराचे इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारीरीत्या बदलले, तरी लोक दोन्ही स्पेलिंगे टंकतात. मराठी माणसाने देवनागरीत लिहिलेच तर तो 'म्हैसूर' लिहितो. (खुद्द हिनकलचे रोमन स्पेलिंग कॉकेशसमधल्या उकडलेल्या कणकेच्या एका पदार्थाशी जुळते, पण त्यामुळे कुणाचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही.) स्पेलिंगांचा गोंधळ यंत्र उत्तम निस्तरते, तिथे हाताने शंभर रूपे टंकत बसण्यात अर्थ नाही. गावांचा गोंधळ मात्र सेटिंगवर अवलंबून असतो, आणि ते सेटिंग मालकाने स्वतःच बघायला हवे.

ठिकाण निवडताना गूगल ॲड्स मुळात जो पर्याय लावून देते, त्यात त्या ठिकाणी असलेले लोक येतात, आणि त्या ठिकाणात 'रस दाखवणारे' लोकही येतात. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला हा पर्याय नुकसानीचा. बेंगळुरूच्या विजयनगरात बसून दुरुस्तीवाला शोधणारी व्यक्ती म्हैसूरच्या विजयनगराची जाहिरात पाहू शकते, क्लिक करू शकते, आणि पैसे कापले जातात. त्याने 'फक्त इथे असलेले लोक' हा पर्याय निवडावा आणि दुकानापासून चार-पाच किलोमीटरचे वर्तुळ आखावे. उलट म्हैसूरच्याच गोकुळमकडचा होमस्टेवाला पाहा. के. पट्टाभी जोईस यांच्या अष्टांग योगामुळे ही वस्ती जगभरच्या योगाभ्यासींच्या नकाशावर आली. या होमस्टेवाल्याचे गिऱ्हाईक विमानात बसण्याच्या कितीतरी आधी खोली शोधत असते. त्याला 'रस दाखवणारे' हाच पर्याय हवा. एकच खटका, एकाचा खिसा कापणारा आणि दुसऱ्याचे घर भरणारा. आपला धंदा कोणता हे यंत्राला ठाऊक नसते, म्हणून हा खटका त्याच्यावर सोडता येत नाही.

आता हिशेब. समजा, पीजी चालवणाऱ्या बाईंनी दिवसाला ३०० रुपये बजेट ठेवले. गूगल महिना ३०.४ दिवसांचा धरते, म्हणजे महिन्याची मर्यादा ९,१२० रुपये. (एखाद्या दिवशी बजेटच्या दुप्पट, ६०० रुपयेही जाऊ शकतात, महिन्याची मर्यादा ओलांडली जात नाही. पहिल्याच आठवड्यात हे पाहून घाबरून कॅम्पेन बंद करणारे पुष्कळ.) क्लिक सरासरी १५ रुपयांना पडला असे धरले तर ६०० च्या वर क्लिक होतात, आणि पन्नासांतला एक फोन करतो असे मानले तर महिन्याला बारा फोन. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, पण अंदाज यावरून येतो. गूगल स्वतः यंत्राच्या बोलीची कामगिरी जोखायला निदान तीस फळे जमलेला काळ पाहा असे सांगते, आणि विक्रीच्या रकमेवर बोली लावायची असेल तर पन्नास. बारा फोनांवर ते काय शिकणार? त्यातले चार सोमवारी आले म्हणून सोमवार चांगला असा निष्कर्ष ते काढू शकते, आणि पुढचा महिना त्या निष्कर्षावर घालवू शकते. थोड्या आकड्यांत योगायोग आणि कल यांत फरक करता येत नाही. यंत्र कितीही हुशार असले तरी त्याला हा नियम चुकत नाही.

म्हणून कमी फोनांच्या धंद्यासाठी हाताची वाट जुनाट ठरत नाही, हिशेबाने ती सरस ठरते. दहा-वीस नेमके शब्द, फक्त शोधाची जागा, भागीदार संकेतस्थळांचा आणि डिस्प्लेचा (इतर संकेतस्थळांवरच्या जागांचा) खटका बंद, हाताची बोली. किंवा एक तोडगा: 'जास्तीत जास्त क्लिक' ही यंत्राची बोली लावून तिला क्लिकमागे कमाल रकमेची वेसण घालायची. रोज बोलीशी झटापट करायला वेळ नसलेल्या मालकाला ही मधली सोय बहुतेक वेळा पुरते, आणि तिला शिकायला फोनांची गरज लागत नाही.

फोनांची संख्या वाढली तरी दुसरा खड्डा असतो, आणि तो पहिल्यापेक्षा खोल. यंत्र तेच वाढवते जे त्याला फळ म्हणून सांगितले आहे. जाहिरातीवरून आलेला प्रत्येक फोन फळ मोजला तर ते स्वस्तात स्वस्त फोन शोधत जाते. हिनकलच्या परिसरात स्वस्त फोन कुणाचे? नोकरी शोधणाऱ्यांचे. 'इन्फोसिसजवळ राहण्याची सोय' या शब्दाला व्यापक जुळणी (आसपासच्या अर्थाचे शोधही चालतील असा पर्याय) दिली तर इन्फोसिसची मुलाखत, पगार, रुजू होण्याची तारीख अशा शोधांपर्यंत ती पसरू शकते. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलाचे नागपूर-कोल्हापूरकडचे आईवडील दोन दिवसांसाठी खोली शोधत असतात, ते खरे गिऱ्हाईक. पण नोकरीची चौकशी करणारा फोन यंत्राच्या वहीत त्याच रकान्यात पडतो. मग ते तसलेच फोन आणखी आणते आणि फोनमागचा खर्च कमी झाल्याचे सुंदर आलेख काढून दाखवते. एजन्सीही हेच आलेख मालकापुढे ठेवते. पीजीच्या खाटा रिकाम्या त्या रिकाम्याच.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांची, यादी करायची: नोकरी, पगार, मुलाखत, भरती, फुकट, ऑनलाइन कोर्स, आणि वर्कशॉपवाला असेल तर 'घरी कसे करावे'. दर सोमवारी शोधांची यादी उघडून नवे नको ते शब्द त्यात टाकायचे. फोन मोजताना किमान वेळ ठेवायची. गूगलमध्ये ती साधारण साठ सेकंदांची असते आणि वाढवता येते. आणि कोणता फोन गिऱ्हाइकाचा निघाला ते वहीत किंवा फोनमध्ये टिपून, जमल्यास ती नोंद परत खात्यात भरायची. हे अर्ध्या तासाचे काम जो करतो त्याच्याकडे यंत्र आले तर ते खरोखर उपयोगी पडते. जो करत नाही त्याच्यासाठी हाताची वाटही वाईट आणि यंत्राचीही.

यंत्र बिनधास्त जिंकते तो धंदा वेगळा. म्हैसूरची उदबत्ती, म्हैसूर सिल्क, चंदनाचा साबण ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावे आहेत, देशभर शोधली जाणारी. संकेतस्थळावरून उदबत्ती किंवा रेशमी साड्या विकणाऱ्या दुकानदाराकडे शेकडो वस्तू, प्रत्येकीची किंमत, आणि प्रत्येक विक्रीची बिनचूक नोंद असते. फळ म्हणजे काय यात शंकाच नाही: पैसे आले की विक्री झाली. महिन्याला पन्नास-शंभर ऑर्डरी असतील तर शब्दागणिक बोली लावत बसणे वेळेची नासाडी आहे. अशा ठिकाणी परफॉर्मन्स मॅक्स लावावे आणि निदान सहा आठवडे त्यात रोज हात घालू नये. त्यात निगेटिव्ह कीवर्ड स्वतः सहज लावता येत नव्हते, २०२५ मध्ये ती सोय आली. ती यायला इतका उशीर लागायला नको होता. मात्र हेच कॅम्पेन टॅक्सीवाल्याने लावले तर बजेटचा भाग खेळांच्या ॲपमधल्या पट्ट्यांवर जाऊ शकतो, जिथे मुलाचे बोट चुकून लागले तरी क्लिक मोजला जाण्याची शक्यता असते. सेवा देणाऱ्या छोट्या धंद्याने निदान पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये.

म्हैसूरमध्ये यंत्राला चकवणारा आणखी एक प्रकार आहे, दसरा. विजयादशमी २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. त्या दिवशी निघणारी हत्तींची मिरवणूक, म्हणजे जंबो सवारी, पाहायला येणाऱ्यांची खोल्यांसाठी शोधाशोध त्याआधी काही आठवडे चढते आणि दुसऱ्या दिवशी बसते. तिथीने हलणारा सण इंग्रजी तारखांवर शिकलेल्या यंत्राला नीट धरता येईलच असे नाही. गूगल ॲड्समध्ये अशा उसळीसाठी 'हंगामी बदल' आगाऊ कळवण्याची सोय आहे, पण ती एक ते सात दिवसांच्या घटनांसाठी आखलेली. चौदा दिवसांच्या पुढे ती नीट चालत नाही असे गूगलच सांगते. खोल्यांचे बुकिंग त्याहून लांब पसरते. इथे लॉजवाल्याचे डोके यंत्राच्या पुढे आहे. भाव कधी चढवायचा ते त्याला ठाऊक असते, तसे जाहिरातीचे बजेट कधी चढवायचे तेही ठाऊक असते. ते त्याने हाताने चढवावे आणि सवारीच्या संध्याकाळी हातानेच उतरवावे.

शब्दांच्या निवडीत कायद्याचीही एक कड आहे. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचे नाव कीवर्ड म्हणून वापरावे का, यावर आपल्याकडे पॅकर्स अँड मूव्हर्सच्या धंद्यातून मोठा खटला झाला. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव चालवणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२३ रोजी सांगितले की असा वापर आपोआप उल्लंघन ठरत नाही. पण त्यामुळे गिऱ्हाइकाची फसगत किंवा गोंधळ होत असेल तर ठरू शकतो, आणि मग गूगललाही नुसते मध्यस्थ म्हणून हात झटकता येणार नाहीत. हाताने शब्द निवडणाऱ्याला आपण काय केले ते ठाऊक असते. व्यापक जुळणीत मात्र शेजारच्या स्पर्धकाचे नाव मालकाच्या नकळत येऊ शकते. जाहिरातीच्या मथळ्यात ते नाव येणार नाही एवढे तरी स्वतः वाचून खात्री करावी.

पैशांची एक बाजू हिशेबात धरायची राहते. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ९,१२० रुपयांची जाहिरात प्रत्यक्षात १०,७६१ रुपयांच्या पुढे जाते. नेहमीची नोंदणी असलेल्याला तो कर वळता मिळतो. कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणीच नसलेल्या दुकानदाराला मिळत नाही, म्हणजे त्याला प्रत्येक क्लिक तेवढ्याने महाग पडतो. त्याने जाहिरातीआधी गूगल बिझनेस प्रोफाइल पुरे भरावे: दुकानाची वेळ, फोटो, फोन नंबर, आलेल्या अभिप्रायांना कन्नड आणि इंग्रजीत उत्तरे. ते फुकट आहे, आणि चार किलोमीटरच्या गिऱ्हाइकासाठी नकाशावरची ती नोंद बहुतेकदा जाहिरातीपेक्षा जास्त फोन आणते.

या सगळ्यातून क्रम असा निघतो. सेवेच्या धंद्याने नेमक्या शब्दांनी, छोट्या वर्तुळात, हाताच्या किंवा वेसण घातलेल्या बोलीने सुरुवात करावी. महिन्याला तीसच्या वर खरे फोन सलग दोन-तीन महिने आले आणि ते टिपले गेले, की बोली यंत्राच्या हाती द्यावी. ठिकाणाचे वर्तुळ, निगेटिव्ह यादी आणि फळाची व्याख्या तेव्हाही देऊ नये. खात्यात 'शिफारशी' नावाचा भाग असतो. त्यातल्या काही आपोआप लागू करण्याची परवानगी देणारा खटका असतो, तो बंद आहे ना हे पाहावे. तिथे शंभरपैकी गुण दाखवतात. ते गुण शिफारशी किती मानल्या किंवा फेटाळल्या यावर हलतात, ते नफ्याचे नव्हेत.

काम एजन्सीला द्यायचे असेल तरी खाते मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असावे आणि एजन्सीला फक्त हाताळण्याचा प्रवेश द्यावा. खाते एजन्सीच्या नावावर असेल तर एजन्सी बदलताना निगेटिव्ह शब्दांची यादी, फोनांची नोंद आणि यंत्राने त्यावरून शिकलेले सगळे तिथेच राहते, आणि नव्या खात्यात पुन्हा पहिल्या बारा फोनांपासून सुरुवात करावी लागते.